फिनिक्सचे विमानमार्ग: वाद कुठून सुरू झाला?

अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या स्काय हार्बर विमानतळावरून पश्चिमेकडे उडणारी विमाने वर्षानुवर्षे बहुतांशी कारखान्यांवरून आणि शेतजमिनींवरून सरळ जात आणि बरेच पुढे गेल्यावर उत्तरेला किंवा दक्षिणेला वळत. याच मार्गांच्या भरवशावर महापालिकेने जमीनवापराचे नियम आखले होते, आवाजाचा त्रास होणारी घरे विकतही घेतली होती. १८ सप्टेंबर २०१४ रोजी संघीय विमान वाहतूक प्रशासनाने हे मार्ग बदलले आणि जुन्या वारसा वस्त्यांच्या डोक्यावरून जेट विमानांची रीघ लागली.

या बदलाचे मूळ ‘नेक्स्टजेन’ या हवाई वाहतूक आधुनिक करण्याच्या संघीय योजनेत आहे. तिचा पाया २००३ च्या कायद्याने घातला, तर २०१२ च्या कायद्याने नव्या मार्गांना सविस्तर पर्यावरणीय परीक्षणातून सूट मिळणे सोपे केले. उपग्रहांच्या आधारे आखलेल्या मार्गावरून विमाने अगदी नेमकी जातात आणि इंधन वाचते, हा लाभ खराच आहे. पण पूर्वी विमाने रुंद पट्ट्यात विखुरत आणि आवाजही वाटला जाई. आता त्या अरुंद रेषेखालच्या घरांनाच तो सारा सोसावा लागतो.

आवाज मोजण्याची पद्धतही या घरांच्या विरोधात जाते. दिवसभराची सरासरी काढून, रात्रीच्या उड्डाणांना १० डेसिबल जादा धरून, ६५ डेसिबलची मर्यादा लावली जाते. परंतु पहाटेपासून दर काही मिनिटांनी खिडकीची तावदाने थरथरतात, हे सरासरीत दिसत नाही. ही मर्यादा १९७० च्या दशकातील संशोधनावर उभी आहे. त्यानुसार त्या पातळीला सुमारे १२ टक्के लोक अतिशय त्रस्त होतात. प्रशासनाच्याच २०२१ मधील सर्वेक्षणात हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास निघाले.

फिनिक्समध्ये प्रशासनाने सल्लामसलत केली ती महापालिकेच्या विमानतळ विभागातील कनिष्ठ कर्मचाऱ्यांशी. नागरिकांना मार्ग बदलल्याचे कळले ते विमानांच्या आवाजानेच. महापालिका आणि रहिवासी न्यायालयात गेले तेव्हा निर्णयाला आव्हान देण्याची साठ दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती. तरीही, तोडगा काढत असल्याची आशा प्रशासन दाखवत राहिले म्हणून, अपील न्यायालयाने याचिका दाखल करून घेतल्या. एका न्यायाधीशाने त्यास असहमती नोंदवली. २९ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायालयाने प्रशासनाचा निर्णय मनमानी ठरवून रद्द केला आणि २०१८ मध्ये पश्चिमेकडील उड्डाणे जुन्या मार्गांच्या जवळपास परतली.