जनसुनावणीत हरकत कशी द्यायची (आणि ती वाया कुठे जाते)

गावाजवळ खाण, सिमेंटचा कारखाना, धरण असं काही येणार असेल तर २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. बी-२ गटातले प्रकल्प (ज्यांना हा अभ्यास लागत नाही) आणि बिल्डिंगची कामं यांना ती लागत नाही, तेवढं आधी बघून घ्या.

कागदपत्रं? कुठलीच नाहीत! सातबारा आणला नाही म्हणून गेटवरूनच परत फिरलेली माणसं बघितलीयेत मी, अहो अधिसूचनेत असं काही मागितलेलंच नाहीये, हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारता येतो. फक्त हजेरीत नाव घाला.

३० दिवसांचा घोळ दरवेळी होतो. ही मुदत पेपरातल्या नोटिशीपासून सुनावणीपर्यंतची असते, किमान ३० दिवस, सुनावणी झाल्यानंतरची नाही. लेखी हरकत त्याच काळात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात द्या आणि आवक क्रमांकासकट पोच घ्या. पोच नाही तर हरकत दिलीच नाही असं समजा.

आता मुख्य गोष्ट. अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी, पण मंजुरी ते देत नाहीत आणि तिथे मतदानही नसतं, कोरमसुद्धा (किमान हजेरी) लागत नाही. कागद पुढे मुंबईच्या (राज्याच्या) नाहीतर दिल्लीच्या (केंद्राच्या) तज्ज्ञ समितीकडे जातो, त्यामुळे "आमचा तीव्र विरोध आहे" एवढंच लिहिलं तर समितीला त्यात तपासायला काही राहतच नाही. ईआयएचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत बघायला मिळतो, जाडजूड आणि इंग्रजीत, मराठीत फक्त सारांश (ज्यांच्या जमिनी जाणार त्यांनी सारांशावर भागवायचं, काय बोलणार!). तरी कॉलेजच्या पोराला सोबत घ्या आणि पाण्याचं प्रकरण उघडा. सल्लागार कंपनीचे शास्त्रज्ञ बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच सीझनचे नमुने घेतात, म्हणजे जो ओढा जुलैत पूल बुडवतो तो अहवालात कोरडा. हे पान नंबर टाकून, जमलं तर फोटो जोडून लिहा, कारण अंतिम अहवालात कंपनीला उत्तर द्यावं लागतं.

सुनावणी संपताना मुद्द्यांचा गोषवारा मराठीत वाचून दाखवावा लागतो. तेव्हा बरेच जण जेवायला निघून गेलेले असतात. थांबा, तुमचा मुद्दा सुटला असेल तर तिथेच उठून सांगा.

मंजुरी मिळालीच का, ते केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर बघत राहा. मिळाली तर हरित लवादाकडे (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण), आपल्यासाठी पुण्यात, अपील ३० दिवसांत करायचं, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे उशीर माफ करायचा अधिकार लवादालाही नाही.