‘डिस्क उडाली’ म्हणजे नेमकं काय उडालं?

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात माझ्या टेबलावर दोन हार्ड डिस्क आल्या. एक इथल्या, इंदूरच्या सुदामा नगरातल्या मावसबहिणीची, दुसरी रामबागेतल्या काकांची. दोघांचं म्हणणं एकच: डिस्क उडाली. कंप्युटरने दाखवलेला निरोपही एकच होता, वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करायची का? आणि तरी ही दोन दुखणी एकमेकांची कुणी लागत नाहीत. एक घरी बसून बरं करता येतं. दुसऱ्याला घरी हात लावला, की डिस्क हातची जाते.

पहिलीचं लवकर आटपते. बहिणीच्या मुलाने सिनेमे कॉपी होत असतानाच डिस्क ओढून काढली. कुठली फाइल डिस्कच्या आतल्या तबकडीवर कुठे आहे याची नोंद एका तक्त्यात असते; त्यात लिहिणं चालू असताना वीज तुटली आणि तक्ता अर्धवट राहिला. फाइली जिथल्या तिथे होत्या. चुकून डिलीट केलं किंवा झटपट फॉरमॅट केलं तरी असंच होतं. नोंद जाते, मजकूर राहतो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. (पूर्ण फॉरमॅट निराळा. विंडोज व्हिस्टापासून तो अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितो, मग काही हाती लागत नाही. आणि एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिपा असलेल्या डिस्कला, यातलं काहीच धरून चालू नका, तिथे डिलीट झालेली जागा बहुधा लगेच साफ होते.) म्हणून त्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर वापरून सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं. बहिणीचं काम संध्याकाळपर्यंत झालं.

काकांच्या डिस्कमध्ये अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले चित्ररथ होते. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली, बाकीच्या गिरण्याही गेल्या, पण गिरण्यांच्या नावाने झांक्या रात्रभर निघतातच, आणि काकांनी त्यांचे फोटो तीस-एक वर्षं काढलेत. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून या एकाच डिस्कवर ठेवलेल्या. मूळ निगेटिव्हना तोवर बुरशी लागलेली. विसर्जनाच्या रात्री नवे फोटो उतरवताना डिस्क टेबलावरून फरशीवर पडली, चालू असताना.

आत काय चालतं ते डोळ्यांपुढे आणा. अडीच इंची डिस्कच्या तबकड्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेतात. काठ तेव्हा ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने पळत असतो. वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही. फिरण्यामुळे तयार झालेल्या हवेच्या थरावर ते तरंगतं, आणि मधलं अंतर जेमतेम काही नॅनोमीटर. आपला केस साठ-सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो. पडल्याच्या धक्क्याने हेड तबकडीवर आदळतं, वाकतं, तुटतं, नाहीतर तिथेच चिकटून बसतं. फाइलींचा तक्ता अगदी शाबूत असतो, पण तो वाचणारं कुणी उरत नाही.

स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून मी कान लावते. पंखा बंद करून डिस्क मऊ कापडावर ठेवायची, केबल लावायची आणि दहा सेकंद ऐकायचं. धड डिस्क हलकेच सूं करत वेग घेते, हेड बाहेर येताना एकदा बारीक कट् होतं, मग सलग गुणगुण. काकांच्या डिस्कने सूं केलं आणि मग टक्, टक्, टक्, सारख्या अंतराने सात-आठदा. नंतर मोटर गप्प. तबकडीवर जागोजागी चुंबकीय खुणा असतात, आपण कुठे आहोत ते हेडला त्यावरून कळतं. खुणा दिसल्या नाहीत की ते मागे जातं, थडकतं, पुन्हा शोधायला येतं. कधी टकटक नसते, नुसती पिपाणीसारखी बारीक किणकिण येते: हेड चिकटलेलं आहे आणि मोटर जोर लावूनही फिरत नाही. तव्यावर उलथनं घासल्यासारखी खरवड आली तर दहा सेकंदही थांबू नये. पडलेल्या डिस्कची ही परीक्षा एकदाच घ्यायची, आणि आवाज धड आला म्हणून तिच्यावर विश्वास टाकायचा नाही.

खरा घोटाळा इथे होतो. जे सॉफ्टवेअर पहिल्या डिस्कला तारतं तेच दुसरीला मारतं. वाचता न आलेली जागा ते पुन्हा पुन्हा वाचायला लावतं, तासन्‌तास. वाकलेलं हेड तेवढा वेळ तबकडीवरून फिरतं, चुंबकीय थर खरवडतं आणि त्याची पूड आतभर पसरते. विंडोजमधलं चेकडिस्क तर दुरुस्तीच्या नावाखाली लिहायलाही जातं. काका माझ्याकडे येण्याआधी जेल रोडवरच्या एका दुकानात जाऊन आले होते. तिथल्या मुलाने ‘रात भर लगा देता हूं अंकल, सुबह तक निकल आएगा’ म्हणत स्कॅन लावून दिलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक डिस्क पहिल्या जातीच्या असणार, आणि त्या सकाळपर्यंत निघतातही. पण ती टकटक रात्रभर दुकानात चालू होती आणि कुणी केबल ओढली नाही, याचा मला अजून त्रास होतो.

दोन्हींच्या मध्ये एक अवस्था आहे. आवाज ठीक, पण फाइल उघडायला मिनिटं लागतात, आणि डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’च्या तक्त्यात ५ व १९७ या क्रमांकांपुढचे आकडे चढत जातात. ५ म्हणजे खराब ठरवून बदललेल्या जागा, १९७ म्हणजे वाचता न आलेल्या, अजून निकाल न लागलेल्या. अशा डिस्कमध्ये फाइली शोधत बसू नका. जीएनयू डीडीरेस्क्यू या फुकट सॉफ्टवेअरने दुसऱ्या डिस्कवर अख्खी नक्कल घ्या. ते सोप्या जागा आधी उचलतं, अडलेल्या शेवटी ठेवतं. पुढचा सगळा शोध नकलेवर. मध्येच टकटक सुरू झाली तर तिथेच थांबायचं.

आता झाकण. व्हिडिओ पाहून वाटतं, मूठभर स्क्रू तर आहेत. चांदणीच्या टोकाचा टॉर्क्स पेचकस आणला आणि लेबलखाली दडलेला स्क्रू सापडला की ते निघतंही. मीही उघडल्यात, पण आशा संपलेल्याच. त्यातली एक कुणीतरी आधीच घरी उघडून पाहिलेली होती. तबकडी आरशासारखी, माझ्या भुवया दिसत होत्या, आणि काठाजवळ अंगठ्याचा ठसा, रेषान्‌रेषा मोजता येईल असा. तो ठसा हेडच्या अंतरापेक्षा कितीतरी जाड. हेड तिथे येऊन आपटणारच. लॅबमध्ये ज्या टेबलावर हे काम होतं तिथल्या घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे वा मोठे कण शंभरापेक्षा जास्त चालत नाहीत. आपलं इंदूर स्वच्छतेसाठी देशात नावाजलेलं, पण झाडून-पुसून घेतलेल्या खोलीतही हे कण लाखांच्या घरात असतात. बहुतेक डिस्कला बाहेरून छिद्र असतं हे खरं, पण ती हवा गाळणीतून आत जाते.

आणि उघडून करणार काय? हेड बदलायचं तर त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच सुमारास बनलेली दुसरी डिस्क बळी द्यावी लागते. हेड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये खास फणी घालून उचलावे लागतात. अडीच इंचीत तबकडी बहुधा काचेची असते, म्हणजे फुटायची भीती आहेच. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजून कुणी ना कुणी सांगतंच. बाहेर काढली की थंड तबकडीवर दव धरतं, थंड पाण्याच्या तांब्यावर धरतं तसं.

डिस्कच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या सर्किट बोर्डाचं प्रकरण तेवढं वेगळं. १२ व्होल्टच्या जागी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लागला आणि डिस्क एकदम मुकी झाली, ना सूं ना टक्, तर आतलं यंत्र वाचलेलं असू शकतं. संरक्षणाचा डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं वाचवतो. पण तसाच दुसरा बोर्ड आणून लावला की झालं, हे जुन्या डिस्कपुरतं. हल्ली बोर्डावरच्या आठ पायांच्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मोजमापं असतात. ती चिप नव्या बोर्डावर चढवावी लागते.

डिस्क किती सोसते, ते कोलंबियाने दाखवलं. २००३मध्ये कल्पना चावला ज्या यानात होत्या ते कोसळलं. त्यातल्या एका प्रयोगाची डिस्क जळून काळी झालेली सापडली. तिच्या तबकड्या दुसऱ्या सांगाड्यात बसवून लॅबने सुमारे ९९ टक्के डेटा काढला. प्रयोगाचे निष्कर्ष २००८मध्ये छापून आले.  काकांची डिस्क अडीच फुटांवरूनच पडली होती, पण त्यानंतर रात्रभर फिरली.

मी ती पुन्हा चालू केली नाही. स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशवीत घातली, सगळीकडून दोन-दोन इंच फोम, खोका हलवून पाहिला. मुंबईच्या लॅबला आधी फोनवर विचारलं: तपासणीचे पैसे वेगळे का, काहीच निघालं नाही तर किती, आणि पैसे देण्याआधी फाइलींची यादी दाखवाल का. तिथल्या बाईंनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, हेड बदलल्यावरही डिस्क वापरण्याजोगी होत नाही. बदललेलं हेड तग धरेल तेवढ्यात सगळं उतरवून घ्यायचं. सोबत चिठ्ठी पाठवायलाही त्यांनीच सांगितलं. मी लिहिलं: चालू असताना पडली. नंतर चार-पाचदा लावली, एकदा रात्रभर. झाकण उघडलेलं नाही.

तीन आठवड्यांनी यादी आली. मधल्या पट्ट्यात चरा होता, तिथली चार वर्षं गेली. बाकीच्या झांक्या आल्या. काकू यादीतली सालं मोठ्याने वाचत होत्या, आणि काका माळ्यावरून काढलेल्या त्या चार वर्षांच्या निगेटिव्ह एकेक करून खिडकीच्या उजेडात धरत होते, बुरशीखाली काही दिसतंय का बघत.