शेगडीचा गॅस बदलणे (ग्रामीण विदर्भ)

शेगडीचा गॅस बदलणे : एका प्रकारच्या गॅसवर चालणारी स्वयंपाकाची शेगडी दुसऱ्या प्रकारच्या गॅसवर चालेल अशी करून घेणे. विदर्भातल्या खेड्यांत याचा अर्थ बहुधा एकच असतो : सिलिंडरची शेगडी गोबर गॅसवर लावणे, किंवा गोबर गॅस कमी पडू लागला की तीच पुन्हा सिलिंडरला जोडणे. एका कंपनीचे कनेक्शन सोडून दुसरीचे घेतले तर हा प्रश्न उद्भवत नाही. घरगुती सिलिंडर कोणत्याही कंपनीचा असो, आत प्रोपेन आणि ब्युटेन यांचेच मिश्रण असते आणि घरगुती रेग्युलेटर ते सुमारे ३०० मिलिमीटर पाण्याच्या दाबाने शेगडीकडे सोडतो.

गॅस बदलणे म्हणजे नळी काढून दुसरी लावणे, असा समज सर्रास आढळतो. युरोपातल्या छोट्या बोटींवर हे जवळजवळ खरे आहे. तिथे ब्युटेन आणि प्रोपेन वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. पारा शून्याजवळ गेला की ब्युटेनची वाफ होणे थांबत येते (त्याचा उत्कलनबिंदू सुमारे उणे अर्धा अंश सेल्सिअस), म्हणून बोटवाले थंडीत प्रोपेन घेतात, कारण तो उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहतो. जेटला, म्हणजे ज्याच्या बारीक छिद्रातून गॅस बर्नरकडे सुटतो त्या पितळी तुकड्याला, हात लावावा लागत नाही. ब्युटेनसाठी २८ मिलिबार (दाबाचे एकक) दाबाचा रेग्युलेटर होता तिथे प्रोपेनसाठी ३७ मिलिबारचा बसवला की झाले. समान दाबाला प्रोपेन थोडी कमी उष्णता देतो आणि वाढीव दाब ती तूट भरून काढतो. दोन्ही गॅस एकाच कुळातले असल्यामुळे एवढ्यावर भागते.

गोबर गॅस त्या कुळातला नाही. त्यात साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो आणि उरलेला बहुतेक भाग कर्बवायूचा, म्हणजे न जळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. एक घनमीटर गोबर गॅस सुमारे २१ मेगाज्यूल उष्णता देतो; तेवढ्याच आकारमानाचा सिलिंडरचा गॅस वायुरूपात त्याच्या चौपट-पाचपट देतो. गॅसची घनताही वेगळी असल्याने, एकाच छिद्रातून एकाच दाबाने सोडले तर उष्णतेतला फरक साधारण साडेतीन पटींचा पडतो. हा फरक केवळ दाब वाढवून भरायचा तर गोबर गॅसला सिलिंडरच्या सुमारे बारापट दाब लागेल. प्रत्यक्षात तरंगत्या टाकीच्या संयंत्रात (शेणकाल्यावर तरंगणाऱ्या टाकीखाली गॅस साठवणाऱ्या गोबर गॅस टाकीत) दाब असतो जेमतेम ७५ ते १०० मिलिमीटर पाण्याचा. गॅस पातळ आणि वर दाबही कमी, असे दुहेरी दुखणे आहे. त्यावर उपाय छिद्र मोठे करण्याचाच. हिशेब मांडला तर क्षेत्रफळ सातपटीच्या आसपास, म्हणजे व्यास अडीचपटीहून थोडा जास्त लागतो.

तेवढ्यानेही काम संपत नाही. सिलिंडरच्या एका भाग गॅसला जळायला हवेचे पंचवीस-तीस भाग लागतात, तर गोबर गॅसला सहाच्या आतबाहेर. सिलिंडरच्या शेगडीची हवेची छिद्रे तशीच उघडी ठेवली तर गोबर गॅसमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा मिसळते. शिवाय कर्बवायूमुळे या गॅसची ज्योत मुळात संथ पसरते. मग ज्योत बर्नरवर टिकत नाही, फडफडते, उचलली जाते आणि विझते. भांड्याखाली ज्योत नाही आणि कॉक मात्र चालू, अशी ही स्थिती धोक्याची असते. म्हणून हवेची झडप जवळजवळ बंद करावी लागते, आणि बर्नरची छिद्रे बारीक असतील तर बर्नरही बदलावा लागतो. गोबर गॅससाठी मुद्दाम बनवलेल्या शेगडीत जेट, मिश्रणनळी (जिच्यात गॅस आणि हवा मिसळतात) आणि बर्नर हे तिन्ही भाग एकमेकांच्या मापाचे असतात. तिच्यासाठी आयएस ८७४९ हे वेगळे भारतीय मानक आहे. सिलिंडरच्या शेगडीचे मानक आयएस ४२४६.

खेड्यात हे काम होते ते आठवडी बाजारात बसणाऱ्या शेगडी-दुरुस्तीवाल्याकडे. तो वरची जाळी आणि बर्नर उचलतो, मिश्रणनळी मागे सरकवतो आणि पान्याने कॉकच्या तोंडावरचा पितळी जेट सोडवतो. गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा तो तुकडा. त्याच्या टोकाचे छिद्र सिलिंडरसाठी एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. दुसरा तयार जेट नसला की तो आहे त्यालाच हातड्रिलने मोठा करतो. इथेच बरेचसे काम बिघडते. ड्रिल जरा तिरके गेले की गॅसची धार मिश्रणनळीच्या मधोमध न जाता कडेला आपटते आणि ज्योत एका अंगाने पिवळी येते. माप नेमके किती याची नोंद कोणी ठेवत नाही. तयार गोबर गॅस जेट मिळत असताना ड्रिल करण्यात वाचतात ते थोडे पैसे. जातो तो जेट, कारण मोठे केलेले छिद्र पुन्हा लहान होत नाही.

जोडणी झाल्यावर सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे असते, काडी ओढून नव्हे. हवेची झडप आधी पूर्ण बंद ठेवून ज्योत पेटवावी आणि मग हळूहळू उघडत न्यावी. पिवळे टोक जाऊन निळी, बर्नरला चिकटलेली ज्योत दिसली की थांबावे. तव्याच्या बुडाला काजळी धरू लागली तर हवा कमी पडते आहे, ज्योत फुरफुर आवाज करत उचलली जात असेल तर जास्त झाली आहे.

नव्याने भरलेल्या संयंत्राचा पहिला गॅस पेटत नाही, किंवा पेटून विझतो. त्यात हवा आणि कर्बवायूच जास्त असतो. तो मोकळा सोडून द्यायचा असतो. अशा वेळी दोष शेगडीला देऊन जेट आणखी मोठा केल्याची उदाहरणे पुष्कळ. जुन्या संयंत्राबाबत 'गॅस येऊन नाही राहिला' अशी तक्रार असेल तर पहिला संशय जेटवर न घेता नळीतल्या पाण्यावर घ्यावा. गोबर गॅस ओलसर असतो. वाफ नळीत थंड होते, खोलगट जागी पाणी साचते आणि ज्योत लपलपू लागते. नळीला संयंत्राकडे किंवा पाणी काढायच्या कॉककडे उतार दिलेला असेल तर हे टळते. याच गॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइडही असतो. सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच आणि पितळेचा कॉक काळा पडून जाम होतो तोही त्याच्यामुळेच.

उलटा प्रवास, म्हणजे गोबर गॅसच्या शेगडीला सिलिंडर जोडणे, अधिक घातक आहे. मोठ्या छिद्रातून तिप्पट-चौपट दाबाने दाट गॅस येतो. ज्योत हातभर पिवळी उठते, भांडे काजळते, आणि पुरेशी हवा न मिळाल्याने कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रेग्युलेटर बारीक केला की भागेल असे सांगणारे भेटतात, पण घरगुती रेग्युलेटरचा दाब ठरलेला असतो. तो फिरवून कमी-जास्त करायची सोयच नसते. लग्नकार्यातल्या भट्टीचा उच्च दाबाचा रेग्युलेटर घरच्या शेगडीला लावणे ही याच जातीची, पण आणखी वाईट चूक. सिलिंडरच्या गॅसचे हवेतले प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले तरी तो पेट घेऊ शकतो; मिथेनला पाच टक्के लागतात. सिलिंडरचा गॅस हवेहून दीड ते दोन पट जड असल्याने गळला तर जमिनीवर पसरतो आणि उंबरठ्याच्या आतच साठून राहतो, बोटीच्या तळात साठतो तसा. बोटीवर म्हणूनच गॅसच्या बाटलीसाठी तळाला बाहेर जाणारी नळी असलेली वेगळी पेटी करतात. वैनगंगेवरच्या ढिवरांच्या डोंग्यात शेगडीला जागाच नसते, पण पडवीतल्या बंद स्वयंपाकघराला तोच नियम लागू पडतो : खालून हवा जायला वाट हवी.

दोन्ही गॅस एका टी-जोडाने एकाच शेगडीला आणून लागेल तो सोडायचा, ही क्लृप्ती काही घरांत केलेली दिसते. ती करू नये. सिलिंडरचा दाब संयंत्राच्या तिप्पट-चौपट असतो. गोबर गॅसचा कॉक चुकून उघडा राहिला तर सिलिंडरचा गॅस शेगडीकडे येण्याऐवजी उलटा संयंत्राकडे वाहतो, टाकी वर उचलतो आणि काठाच्या शेणकाल्यातून बुडबुडत निघून जातो.

विदर्भात गॅस बदलण्यामागचे कारण थंडी क्वचितच असते. असते ते शेण आणि पाणी. एक घनमीटर गॅससाठी रोज सुमारे २५ किलो ताजे शेण आणि जवळजवळ तेवढेच पाणी लागते. चार-पाच माणसांच्या घराला पुरणारे दोन घनमीटरचे संयंत्र चालवायचे तर चार-पाच जनावरे दावणीला हवीत. बैलजोडीची कामे ट्रॅक्टरकडे गेली, जनावरे विकली गेली की शेणाचा हिशेब कोलमडतो. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा शेणातून गॅस करणारे जंतू जोमात असतात, पण शेण कालवायला पाणी नसते. डिसेंबर-जानेवारीत पाणी असते, पण थंडीमुळे गॅस कमी सुटतो. अशा आठवड्यांत सिलिंडर आधाराला येतो. १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर उष्णतेच्या हिशेबाने सुमारे ३२ घनमीटर गोबर गॅसच्या बरोबरीचा, म्हणजे दोन घनमीटरच्या संयंत्राच्या सोळा दिवसांच्या कामाइतका.

या भागाला गोबर गॅस नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली तेव्हापासून खेड्यातल्या साधनांवर काम करण्याची परंपरा जिल्ह्यात आहे. पुढे १९७६ मध्ये तिथेच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू झाले. खादी-ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकात तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र देशभर नेले. १९८४ पासून आलेल्या दीनबंधू नमुन्यात लोखंड नाही. विटांचा घुमट असतो आणि गॅसचा दाब आत किती गॅस साठला आहे त्याप्रमाणे कमी-जास्त होतो. शेगडीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे : तरंगत्या टाकीवर एकदा जुळवलेली हवेची झडप तशीच चालते, घुमटाच्या संयंत्रावर सकाळच्या भरल्या दाबाला जुळवलेली ज्योत संध्याकाळी मंदावते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर ज्या घरांत फक्त चूल किंवा गोबर गॅस होता तिथेही सिलिंडर आला आणि अदलाबदल खऱ्या अर्थाने वाढली. चूल मात्र कुठेच गेलेली नाही. पऱ्हाट्या-तुराट्या शेतात फुकट असताना आंघोळीचे पाणी गॅसवर कोणी तापवत नाही, आणि रोडग्यांना गोवऱ्यांचा विस्तवच लागतो.

सर्वांत सोयीची व्यवस्था दोन शेगड्यांची. ओट्याच्या एका टोकाला गोबर गॅसची, दुसऱ्या टोकाला सिलिंडरची, नळ्या वेगळ्या आणि एकमेकींना न जोडलेल्या. सिलिंडरच्या बाजूला आयएसआय खुणेची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. शेगडी सिलिंडरच्या तोंडापेक्षा उंचावर असावी. गळतीची शंका आली तर रेग्युलेटर बंद करून, दारे उघडून, विजेच्या बटणाला हात न लावता बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा. एकाच शेगडीचा आग्रह असेल तर जेटचा मूळ संच कापडात बांधून घरीच ठेवावा.

बदललेली शेगडी बाहेरून ओळखू येत नाही. तोच आरसपानी स्टील, तीच खुंटी, तोच आयएसआय शिक्का, जो आता आतल्या जेटबद्दल काहीच सांगत नाही. अशी शेगडी वापरात असेपर्यंत घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. ती भाच्याला दिली जाते किंवा भंगारवाल्याकडून दुसऱ्या गावी जाते, तेव्हा ही माहिती सोबत जात नाही. म्हणून शेगडीच्या बुडाशी ऑइल पेंटने 'गोबर गॅस' एवढे लिहून ठेवावे, आणि विकत किंवा भेट आलेल्या जुन्या शेगडीला सिलिंडर लावण्याआधी बर्नर उचलून जेटचे छिद्र पाहून घ्यावे.