बिफ्रेंडिंग
मनाच्या घालमेलीत किंवा आत्महत्येच्या विचारांत सापडलेल्या माणसाला प्रशिक्षित स्वयंसेवकाने सोबती म्हणून दिलेला आधार. सल्ला द्यायचा नाही, बरे-वाईट ठरवायचे नाही आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, ही त्याची पथ्ये. यांतले पहिलेच सर्वांत अवघड, कारण आपल्याकडे दुःख सांगणाऱ्याला ‘असं कर’ म्हटल्याशिवाय ऐकल्यासारखे वाटत नाही.

या पद्धतीचा उगम लंडनमधला. चॅड व्हारा या धर्मगुरूने २ नोव्हेंबर १९५३ रोजी सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली. त्या काळी इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा राहिला नाही. व्हारांना भेटायला आलेल्यांची रांग लागे. थांबलेल्यांना चहा देत त्यांच्याशी बोलायला काही स्वयंसेवक बसत. त्यांच्यापाशीच मन हलके झाल्यावर अनेकांना आत जाण्याची गरज उरत नसे. हे ध्यानात येताच, १९५४ च्या फेब्रुवारीत, व्हारांनी फोनही स्वयंसेवकांच्या हाती सोपवला. ‘समॅरिटन्स’ संस्थेची ही खरी सुरुवात.

ज्याला सर्वाधिक गरज असते तो पुष्कळदा फोन उचलतच नाही. म्हणून स्वयंसेवक खोलीबाहेर पडले. १९९१ मध्ये वेल्समधील स्वॉन्सीच्या तुरुंगात ‘लिसनर’ योजना सुरू झाली. समॅरिटन्सच्या स्वयंसेवकांनी कैद्यांना प्रशिक्षण द्यायचे आणि त्या कैद्यांनी बराकीतल्या इतरांचे ऐकायचे, अशी ही रचना. पहाऱ्यावरच्या माणसापेक्षा शेजारच्या कोठडीतल्यावर विश्वास बसणे सोपे, हा हिशेब साधा आहे. २०१० पासून ब्रिटनमधील रेल्वेमार्ग सांभाळणाऱ्या ‘नेटवर्क रेल’च्या साथीने रेल्वे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळू लागले. २०१७ च्या मोहिमेत तर थेट प्रवाशांनाच आवाहन केले गेले : फलाटावर कुणी अस्वस्थ दिसले तर काहीतरी किरकोळ बोला, गाडीची वेळ विचारा. एवढ्यानेही विचारांची साखळी तुटू शकते. आत्महत्येबद्दल स्पष्ट विचारले तर तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती मात्र निराधार आहे. स्वयंसेवकांना तसे थेट विचारायलाच शिकवतात.

भारतात याच पद्धतीने काम करणारी चेन्नईतील ‘स्नेहा’ ही संस्था मानसोपचारतज्ज्ञ लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये स्थापन केली. महाराष्ट्रात याच्या जवळचा, पण नेमका हाच नव्हे, असा प्रयोग नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने ‘आत्मीयता’ या नावाने २०१३ ते २०१५ दरम्यान ४१ गावांत तो राबवला. गावातलेच ‘मित्र’ त्रासात असलेल्यांना हेरत. ‘चॅम्पियन’ म्हणवले जाणारे गावातलेच प्रशिक्षित स्वयंसेवक त्यांच्याशी काही बैठकी करत, मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवत आणि अडलेल्या सरकारी योजनांची वाटही दाखवत. हा शेवटचा भाग लंडनच्या पथ्यात बसत नाही, पण ज्याच्या दुःखाचे मूळच रखडलेल्या पेन्शनमध्ये आहे त्याला केवळ कान देऊन भागत नाही. दुखणे गंभीर असल्यास त्याला डॉक्टरकडे पाठवले जाई. पुढे हे काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात गेले.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ (१४४१६) ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा मराठीतही मिळते. तेथे फोनवर स्वयंसेवक नसून प्रशिक्षित समुपदेशक असतात.