कानातून आलेलं रक्त

अपघाताच्या जागी जमलेल्या गर्दीत ‘कानातून रक्त येतंय का बघा’ असं कुणीतरी म्हणतंच. कान बघायचा तो कवटी फुटली का हे कळावं म्हणून; त्या कानाला पुढे ऐकू येईल का, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नसतं.

ही रीत फार जुनी आहे. एडविन स्मिथ या अमेरिकन माणसाने १८६२ मध्ये इजिप्तमधल्या लक्झरला एक पपायरस, म्हणजे वनस्पतीच्या कागदावरचं जुनं हस्तलिखित, विकत घेतला. त्याचं लेखन इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचं, मजकूर बहुधा त्याहूनही जुना. त्यात ४८ रुग्णांची हकिकत आहे. एकविसाव्याचं कानशील तडकलंय, त्याच बाजूच्या कानातून रक्त येतंय आणि कुणी बोललं की ते ऐकताना त्याला दुखतं. वैद्य म्हणतो, या दुखण्याशी झुंजेन. बाविसाव्याच्या कानशिलाचा चुराच झालाय. तिथे वैद्य सरळ हात टेकतो.

‘ऐकताना दुखतं’ ही नोंद मला फार मोलाची वाटते. कारण पुढे कानाकडे बहुतेक खूण म्हणूनच पाहिलं गेलं. लंडनचे सर्जन विल्यम बॅटल यांनी १८९० मध्ये कानामागे उमटणाऱ्या काळ्यानिळ्या डागाचं वर्णन केलं. कवटीच्या तळाला तडा गेल्याची ती खूण, तीही बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी दिसणारी. ‘बॅटल साइन’ हे नाव लढाईवरून आलेलं नाही, ते आडनाव आहे.

खुद्द कानाचं काय बिघडतं, हे नीट मांडलं जायला १९२६ उजाडलं. उलरिख या संशोधकांनी कानशिलाच्या हाडातल्या तड्यांचे दोन प्रकार केले, उभे आणि आडवे. डोक्याच्या बाजूला मार बसला तर तडा बहुधा हाडाच्या लांबीने, म्हणजे उभा जातो; पडदा फाटतो, आतली हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्या हाडांची साखळी निखळते. हातोडी आणि रिकिबीला स्नायूंचा आधार असतो, मधल्या ऐरणीला तो नाही, त्यामुळे बहुतेकदा तीच जागा सोडते. हे नुकसान शस्त्रक्रियेने बरंचसं सावरता येतं. पुढून किंवा मागून मार बसला तर तडा आडवा जाऊ शकतो आणि थेट आतला कान फोडतो. तो बहिरेपणा सहसा जात नाही, चेहऱ्याची नसही अनेकदा दुखावते. (पडदा फाटायला कवटी फुटावीच लागते असं नाही; कानाखाली जोरात वाजवली तरी कोंडलेल्या हवेच्या दाबाने तो फाटू शकतो.) आता सीटी स्कॅनवर आतल्या कानाचं कवच शाबूत आहे की फुटलंय, हे पाहण्यावर भर असतो. तड्याच्या दिशेपेक्षा पुढचा अंदाज त्यावरून चांगला येतो.

चक्करेवरचा उपाय सापडायला मात्र फार काळ गेला. मार लागल्यावर कूस बदलताना खोली गरगरते, म्हणजे आतल्या कानातले चुन्याचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरलेले असतात. कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी अशा चक्करेचं वर्णन १९२१ मध्ये केलं. ती ओळखण्याची चाचणी लंडनमध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडली. डिक्सबाईंना सर्जन व्हायचं होतं, पण युद्धातल्या हवाई हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झाली आणि त्या कानाच्या दुखण्यांकडे वळल्या. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत नेण्याची जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरांची युक्ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी ती बराच काळ हसण्यावारी नेली गेली होती. औषध नाही, चिरफाड नाही, काही मिनिटांचं काम, यावर विश्वास कोण ठेवणार?

अपघाताच्या पहिल्या रात्री मेंदूचं बघायचं हे बरोबरच आहे. तेव्हा कानात तेल किंवा कापसाचे बोळे मात्र घालू नयेत. पाण्यासारखं काही वाहत असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं आणि जंतू आत शिरायला तीच वाट पुरते. कानाची तपासणी राहते ती पुढेच. टाके निघतात, रुग्ण घरी येतो, आणि काही आठवड्यांनी घरच्यांच्या लक्षात येतं की हा फोन आता दुसऱ्याच कानाला लावतो.