साताऱ्याचा दगड, मॉरिशसचं ऊन

विमानतळावरून गाडी निघाली आणि पाचेक मिनिटांत दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. दाजी सांगलीचे, कृष्णाकाठी रान असलेले. काच खाली करून म्हणाले, "हे तर आपलं वाळवं." त्यांची नजर उसावर होती. माझी गेली उसाच्या मधोमध रचलेल्या काळ्या दगडांच्या ढिगांवर. घराएवढे ढीग, पायऱ्यापायऱ्यांचे, एकावर एक नीट बसवलेले. रान मोकळं करताना आधी गुलामांनी आणि १८३४ नंतर करारावर नेलेल्या हिंदी मजुरांनी हातानं वेचलेला हा दगड. त्या मजुरांत मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आज तिथलेच झाले आहेत आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते.

दगड मात्र मला ओळखीचा वाटत होता. त्याचं पुढं सांगतो, कारण या सहलीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते तेच. आधी ऊन.

आम्ही मे महिन्यात गेलो. सांगली-साताऱ्यात तेव्हा अंगाची लाही होत असते आणि मॉरिशसमध्ये हिवाळा तोंडावर आलेला असतो, कारण ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २० अंशांवर आहे. ऊन लख्ख, हवा मात्र गार. भाचीनं निघण्यापूर्वीच विचारलं होतं, "मामा, तिथं समुद्रावर बसून करायचं काय?" मी म्हटलं, पहिल्या दिवशी सावली मोजायची.

७-८ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य सांगलीच्या बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गोळा होते. साताऱ्यात हाच दिवस तीन-चार दिवसांनी येतो. (ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं.) दाजींचे वडील, आमचे आबा, घरीच राहिले होते. त्यांना एक मीटर लांबीचा प्लास्टिकचा पाईप कापून दिला, गवंड्याचा ओळंबा दिला आणि वेळ सांगितली: १२ वाजून २८ मिनिटं. आबांनी अंगणात पाईप ओळंब्यात उभा केला आणि फोन केला, "सावलीच नाही रं." सांगलीत सूर्य माथ्यावर आल्यानंतर तो मॉरिशसच्या मध्यान्ही यायला सव्वा तासाच्या आत-बाहेर लागतं, कारण बेट आपल्या पश्चिमेला आहे. तिथल्या घड्याळात १२ वाजून ७ मिनिटं झाली तेव्हा फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर आम्ही तसाच पाईप वाळूत उभा केला. सावली भरली ७६ सेंटिमीटर. आणि ती पडली होती दक्षिणेकडं! आपल्याकडं वर्षातले बहुतेक दिवस दुपारची सावली उत्तरेला पडते. तिथं मे महिन्यात सूर्य उत्तरेच्या आकाशात असतो, त्याच्याकडं तोंड करून उभं राहिलं की तो उजवीकडून डावीकडं सरकतो. भाची बराच वेळ नुसती हात पुढं-मागं करून दिशा लावत होती.

मीटरभर काठीला ७६ सेंटिमीटर सावली म्हणजे सूर्य माथ्यापासून सुमारे ३७ अंश कललेला. सांगलीत तो शून्य अंश होता. म्हणजे पृथ्वीच्या गोलावर सांगली आणि फ्लिक-आं-फ्लाक यांच्यात ३७ अंशांचा फरक. नकाशावर दोन्हींतलं उत्तर-दक्षिण अंतर साधारण ४,१२५ किलोमीटर येतं. ३७ अंशांना एवढं, तर ३६० अंशांना किती? वहीच्या पानावर भाचीनं त्रैराशिक मांडलं आणि उत्तर ४० हजार किलोमीटरच्या अगदी जवळ आलं. पृथ्वीचा घेर तेवढाच आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं हेच केलं होतं. सायनी, म्हणजे इजिप्तमधलं आजचं आस्वान, तिथल्या विहिरीच्या तळापर्यंत ज्या दिवशी ऊन पोचायचं, त्या दिवशी त्यानं अलेक्झांड्रियातली सावली धरली. आमची सायनी म्हणजे आबांचं अंगण.

त्या ७६ सेंटिमीटरचा दुसरा उपयोग दाजींना उशिरा कळला. सावली वस्तूच्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर उन्हातले अतिनील किरण जोरात असतात. हा सोपा नियम कुठल्याही देशात चालतो. आग्नेयेकडून वारा वाहत होता, अंगाला चटका नव्हता, म्हणून दाजी दोन तास उघड्या पाठीनं पाण्यात पालथे तरंगत राहिले. रात्री पाठ लाल झाली आणि चार दिवसांनी सोलून निघाली. चटका लागतो तो उष्णतेचा, कातडी भाजते ती अतिनील किरणांनी, आणि हे किरण अंगाला जाणवत नाहीत. वाऱ्यानं ते उडून जात नाहीत आणि पाण्यानंही पुरते अडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे अर्धा मीटर खोल पाण्यातही पृष्ठभागावरच्या किरणांपैकी ४० टक्के पोचतात, कोरडी वाळू १५ टक्के परतवते आणि समुद्राचा फेस २५ टक्के. आपला सावळा रंग थोडं संरक्षण देतो, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. पोहताना पूर्ण बाह्यांचा अंगचा कपडा घालणं हाच मला सगळ्यात खात्रीचा उपाय वाटतो. क्रीम दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावं लागतं, आणि बहुतेक लोक ते फारच पातळ लावतात.

पाण्यात मात्र जरूर उतरावं. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. खुल्या समुद्राची लाट त्या भिंतीवर फुटते आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. त्याला तिथं लगून म्हणतात. आतला रंग मोरपंखी आणि भिंतीपलीकडं एकदम गडद निळा. पाणी प्रकाशातला लाल भाग आधी शोषतं. उथळ पाण्यात उरलेला हिरवा-निळा प्रकाश पांढऱ्या वाळूवर आपटून परत वर येतो, खोल पाण्यात तो परततच नाही.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला भरवतं. म्हणून त्याला उथळ, स्वच्छ, उन्हाचं पाणी लागतं. पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. १९९८ साली हिंदी महासागरात हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. पोहताना त्याच्यावर पाय देऊन उभं राहणारे लोक पाहिले की मला खरंच वाईट वाटतं. बोटभर वाढायला त्याला काही वर्षं लागलेली असतात.

आता एक गोष्ट जरा थांबून पाहायची. बेट काळ्या दगडाचं, मग वाळू पांढरी कशी? जेवणाच्या टेबलावरची लिंबाची फोड घेऊन चिमूटभर वाळूवर पिळा. बुडबुडे येतात. ही दगडाची वाळू नाहीच. प्रवाळ आणि शिंपल्यांचा हा चुरा, म्हणजे आपल्या पानातल्या चुन्याचं मूळ. त्यातला काही भाग पोपटमाशांनी बनवलेला असतो. ते चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतात आणि न पचलेला चुरा मागून सोडतात.

आणि आता तो दगड.

अजिंक्यताऱ्यावर चढताना किंवा यवतेश्वरच्या घाटात कडा पाहिला की थरावर थर दिसतात. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाची एक चादर. मध्येच कुठं तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमधल्या विसाव्यात जी माती तयार झाली, ती पुढच्या लाव्हाखाली भाजली गेली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा भेगांतून वर आला आणि आजही दख्खनचा पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे. तेव्हा भारत इथं नव्हता. तो दक्षिण गोलार्धात होता, उत्तरेकडं सरकत होता. बहुसंख्य भूवैज्ञानिकांच्या मते त्या वाटेवर तो पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त ठिकाणावरून गेला. चूल जागची जागी राहिली, वरचा तवा सरकत गेला. दख्खननंतर त्याच चुलीनं लक्षद्वीप-मालदीव-चागोसची समुद्राखालची रांग उभी केली. पुढं समुद्रतळाची फाटच त्या चुलीवरून सरकली आणि चूल पलीकडच्या, आफ्रिकेच्या बाजूच्या तळाखाली आली. तिथं सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं आणि त्यानंतर शेजारचं रियुनियन.

सातारा ते रियुनियन हे उत्तर-दक्षिण अंतर ४,३०० किलोमीटरच्या आसपास भरतं. ६ कोटी ६० लाख वर्षांनी भागलं तर सरासरी वर्षाला साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे बोटाची दोन-अडीच पेरं. सुरुवातीला भारत याहून बराच वेगानं धावत होता, आशियाला धडकल्यावर मंदावला.

म्हणून तो ढीग मला ओळखीचा वाटला. दोन्ही दगड एकाच चुलीवरचे. उसाच्या बांधावर गाडी थांबवून आम्ही एक तुकडा हातात घेऊन पाहिला आणि तिथंच ठेवला. त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं होती, बरीचशी मोकळी. आपल्याकडच्या दगडात तीच भोकं अनेकदा पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली असतात, कारण कोट्यवधी वर्षं पाणी झिरपून त्यांत खनिजं साठली. मॉरिशसचे शेवटचे उद्रेक तर गेल्या दहा लाख वर्षांतले. भाऊ धाकटा आणि थोरला, एवढाच फरक.

शामारेलची रंगीत माती पाहायला सगळेच जातात. तांबड्या, तपकिरी, जांभळट रंगांच्या उघड्या टेकड्या. फोटो काढून दहा मिनिटांत लोक निघतात, पण पाचगणीचं टेबललँड आणि कासचं पठार पाहिलेल्या माणसानं इथं बसावं. उष्ण हवेत भरपूर पाऊस पडत राहिला की काळ्या दगडातली सिलिका हळूहळू धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागं राहतात. आपल्याकडं त्याचा जांभा झाला, तिथं ही रंगीबेरंगी माती. पाऊसही तसाच वागतो, फक्त आरशातल्यासारखा उलटा. आपल्याकडं पश्चिमेचा पाऊस महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास येऊन संपतो. मॉरिशसला वारा आग्नेयेकडून येतो, म्हणून डोंगरापलीकडचा कोरडा, उन्हाचा भाग तिथं पश्चिम किनारा. समुद्रावर बसायला आम्ही फ्लिक-आं-फ्लाक निवडलं ते यासाठीच.

एक गोष्ट मला अजून अचंब्यात टाकते. २०१३ साली संशोधकांना मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या वाळूत झिरकॉन या खनिजाचे कण सापडले. झिरकॉनमधल्या युरेनियमचं ठराविक गतीनं शिसं होत जातं, त्यावरून वय काढता येतं. कणांची वयं निघाली बेटाच्या कितीतरी पट जास्त. वाळू वाऱ्यानं, माणसानं कुठूनही येऊ शकते, अशी शंका घेतली गेली. मग २०१७ साली सुमारे ६० लाख वर्षांच्या एका ज्वालामुखी खडकाच्या आतच अडीच ते तीन अब्ज वर्षांचे झिरकॉन मिळाले. वर येताना लाव्हानं ते खालून उचलून आणले होते. म्हणजे बेटाखाली कुठंतरी, भारत आणि मादागास्कर विलग झाले तेव्हा मधे राहून गेलेला जुन्या खंडाचा तुकडा आहे. कराडजवळ कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विवरं घेतली आहेत. हजार-सव्वा हजार मीटर काळा पाषाण संपला की खाली तसाच अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक लागतो. वरचं पांघरूण नवं, खालचा पलंग जुना, दोन्हीकडं.

परतायच्या आदल्या संध्याकाळी दाजींनी विचारलं, "मग ती चूल आता कुठाय?" मी नैर्ऋत्येला बोट केलं. दोनशे किलोमीटरच्या आसपास, क्षितिजापलीकडं रियुनियन आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेज हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. बहुतेक वर्षी त्यातून लाव्हा वाहतो आणि थंड होऊन काळा पडतो. दाजी पाठीवर कोरफड लावून वाळूत उभे होते. सूर्य बुडेपर्यंत ते त्याच दिशेला बघत राहिले.