नवी चिप, जुना बोर्ड आणि न थांबणारा पंप

"नवी चिप दहापट फास्ट आहे, वर स्वस्तही. मग तीच घाला की जुन्या जागी!" गुहागर-दापोली पट्ट्यात नारळी-पोफळीच्या आगरांचे पंप-कंट्रोलर दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, गिऱ्हाइकाचं हे वाक्य त्याला पाठ असतं. आता तर बी.ई. झालेली मुलंही तेच म्हणू लागली आहेत, म्हणून हा लेख.

वरवर पाहता हिशेब चोख वाटतो. जुन्या पॅनेलात बहुधा 8051 घराण्यातली चिप असते, तीच पॅनेलचा मेंदू. हे घराणं इंटेलने 1980 साली आणलं. पुढे अ‍ॅटमेलने त्यात फ्लॅश मेमरी (पुसून पुन्हा लिहिता येणारी) घातली आणि आपल्याकडच्या डिप्लोमा-डिग्रीच्या कितीतरी पिढ्या त्यावर हात बसवून बाहेर पडल्या. त्यातली एटी89एस52 (पुढे नुसती एस52) घ्या: चाळीस पाय, 8 किलोबाइट प्रोग्रॅम, 256 बाइट रॅम. तिच्यासमोर एसटीएम32 घराण्यातली जी030 ठेवा: घड्याळ 64 मेगाहर्ट्झचं आणि रॅम 8 किलोबाइट, म्हणजे 32 पट. शिवाय 2020 ते 2022 च्या चिपटंचाईत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जे मिळेल ते घ्यायची वेळ आल्यावर अनेकांना डिझाइन बदलावंच लागलं.

सगळ्यांना धास्ती असते ती प्रोग्रॅमची. खरं तर टाकीची पातळी बघून पंप चालू-बंद करणारा प्रोग्रॅम नव्याने लिहायला चांगल्या मुलाला फार वेळ लागत नाही. घोळ होतो तो चिपच्या पायांवर, म्हणजे पिनांवर. जुना बोर्ड जुन्या चिपच्या काही सवयी गृहीत धरून बनवलेला असतो, आणि त्या सवयी सर्किटच्या कागदावर कुठेही लिहिलेल्या नसतात.

पहिली गोष्ट व्होल्टेजची. एस52 ला 4 ते 5.5 व्होल्ट लागतात. जी030 ला 2 ते 3.6, त्याहून जास्त नाही. चिपमधले ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसा त्यांच्या गेटखालचा ऑक्साइडचा थर पातळ झाला. पातळ थराला जास्त व्होल्टेज सोसत नाही. दुसरं कारण फायद्याचं आहे: स्विच होताना खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 5 वरून 3.3 वर आलात की तेवढ्याच कामाला 44 टक्के शक्ती पुरते. एसटीएम32 मालिकेतल्या प्रसिद्ध एफ103 चिपचा गाभा तर आत 1.8 व्होल्टवरच चालतो, 3.3 व्होल्ट असतात ते बाहेरच्या जगाशी बोलण्यापुरते.

आणि बाहेरचं जग अजून 5 व्होल्टचं आहे. रिले (पंप चालू-बंद करणारा विद्युतचुंबकी स्विच) 5 व्होल्टचा, डिस्प्ले 5 व्होल्टचा, टाकीकडून येणारी वायरही 5 व्होल्टची.

आता माझा आवडता किस्सा, तो जरा सविस्तर सांगतो. जुन्या बोर्डवर रिले चालवायला बहुधा पीएनपी ट्रान्झिस्टर सापडतो, म्हणजे बेस हा पाय एमिटर या पायापेक्षा पुरेसा खाली ओढला की चालू होणारा. त्याचा एमिटर थेट 5 व्होल्टला आणि बेस 2.2 किलोओहमच्या रेझिस्टरमधून चिपच्या पिनला. असं का? कारण 8051 चा पिन खाली ओढताना दणकट असतो, काही मिलिअँपिअर सहज गिळतो. वर ढकलताना मात्र तो अगदी मरतुकडा, जेमतेम काही मायक्रोअँपिअर देतो. त्यामुळे त्या काळच्या डिझायनरने शहाणपणाने ठरवलं की पिन शून्यावर आला की रिले लागावा आणि पिन वर गेला की सुटावा. रीसेटच्या वेळी, म्हणजे चिप नव्याने सुरू होताना, 8051 आपले सगळे पिन वरच ठेवते, म्हणजे लाइट आल्या आल्या पंप आपोआप सुरू होण्याची भीतीही नाही.

या जागी नवी चिप घाला. पिन शून्यावर आला की बेसमधून (5 − 0.7) भागिले 2200, म्हणजे साधारण 2 मिलिअँपिअर वाहतात आणि रिले टक्कन लागतो. टाकी भरली. प्रोग्रॅमने पिन वर केला. पण या चिपचं "वर" म्हणजे 3.3 व्होल्ट! एमिटर 5 वर, पिन 3.3 वर, मधे फरक 1.7 व्होल्टचा. ट्रान्झिस्टर बंद व्हायला हा फरक 0.6 च्या आत यायला हवा. तो येत नाही. उरलेला 1 व्होल्ट 2200 ओहमवर पडतो आणि 0.45 मिलिअँपिअर वाहत राहतात. ट्रान्झिस्टर बेसमधला प्रवाह शंभरपट वाढवतो असं धरलं तर रिलेच्या कॉइलला 45 मिलिअँपिअर मिळतात.

कुणी म्हणेल, या साध्या 5 व्होल्टच्या रिलेला तर 70 मिलिअँपिअर लागतात, 45 वर तो सुटायला नको का? नाही सुटत. रिले लागायला कॉइलवर तीन-चतुर्थांश व्होल्टेज लागतं. पण एकदा पट्टी लोखंडाला चिकटली की मधली हवेची फट मिटते आणि तिला धरून ठेवायला फारच थोडं चुंबकत्व पुरतं. डेटाशीटमध्ये (निर्मात्याच्या तपशीलपत्रात) सुटण्याचं व्होल्टेज मूळच्या दहा टक्के इतकं कमी लिहिलेलं असतं. इथे तर साठ टक्क्यांहून जास्त शिल्लक आहे. म्हणजे बोर्ड नवा चालू केला तेव्हा रिले कदाचित लागणारही नाही, टेबलावरची तपासणी पास. एकदा लागला की मात्र सुटणार नाही. टाकी वाहते, आगरात चिखल, आणि गिऱ्हाइकाचा फोन: "ओ, पंप बंद होत नाय!" यात प्रोग्रॅमचा एका अक्षराचाही दोष नसतो. प्रोग्रॅम लिहिणारा बिचारा रात्रभर त्यातच चूक शोधत बसतो.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे एनपीएन ट्रान्झिस्टर (बेस वर गेला की चालू होणारा) आणि त्याच्या बेसला जमिनीकडे (ग्राउंडकडे, म्हणजे 0 व्होल्टकडे) ओढणारा 10 किलोओहमचा रेझिस्टर. दुसरा मला जास्त आवडतो: पिन "ओपन-ड्रेन" करायचा, म्हणजे तो फक्त खाली ओढेल किंवा सोडून देईल, आणि बाहेरून 10 किलोओहम 5 व्होल्टला लावायचा. अर्थात नव्या चिपला 8051 सारखं वागायला शिकवायचं! रीसेटच्या वेळी नव्या चिपचे पिन अधांतरी असतात, तो प्रश्नही या रेझिस्टरने मिटतो. अट एकच, तो पिन डेटाशीटमध्ये 5 व्होल्ट सोसणारा म्हणून नोंदलेला हवा.

सगळे पिन तसे नसतात. स्थितिक विजेपासून बचाव म्हणून चिपच्या बहुतेक पिनांवर आत दोन छोटे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे) असतात, एक जमिनीकडे आणि एक सप्लायकडे. 3.3 व्होल्टच्या चिपच्या अशा पिनवर 5 व्होल्ट आले की 3.9 च्या आसपास वरचा डायोड उघडतो आणि जादाची वीज चिपच्या सप्लायमध्ये शिरते. शेजारच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप आपल्या टाकीत सोडावा, तसं. 5 व्होल्ट सोसणाऱ्या पिनवर हा वरचा डायोड नसतो.

आता कोकणातला पावसाळा आठवा. घर इन्व्हर्टरवर, पंपघर महावितरणच्या फिडरवर. फिडर गेला. पंपघरातल्या चिपचा सप्लाय शून्य झाला, पण घराच्या गच्चीवरच्या टाकीकडून येणाऱ्या वायरीवर 5 व्होल्ट तसेच आहेत. ते वरच्या डायोडमधून आत शिरतात. वायरीत 1 किलोओहम असेल आणि चिपचा सप्लाय 2.4 व्होल्टवर जाऊन टेकला, तर (5 − 0.6 − 2.4) भागिले 1000, म्हणजे 2 मिलिअँपिअर. जुनी एस52 एवढ्यावर डोळाही उघडत नसे. तिला 4 व्होल्ट लागत आणि चालताना ती 25 मिलिअँपिअरपर्यंत खात असे. आजच्या चिपा मेगाहर्ट्झमागे सुमारे 100 मायक्रोअँपिअरवर भागवतात. 16 मेगाहर्ट्झला 1.6 मिलिअँपिअर, आणि 2 व्होल्टही त्यांना चालतात. तेव्हा चिप जागी होते, अर्धवट शुद्धीत एखादा दिवा मिणमिणवते, पुन्हा कोसळते, पुन्हा उठते. काटकसरीपणामुळेच हे शक्य झालं, ही यातली गंमत.

काळोख, पाऊस, लाइट नाही, आणि बंद पंपघरात पॅनेलचा दिवा लुकलुकतोय. गावात याचं स्पष्टीकरण तयारच असतं: देवचार, म्हणजे गावाची राखण करणारं भूत. नारळ फुटतो, गाऱ्हाणं घातलं जातं, तेवढ्यात फिडर येतो आणि सगळं सुरळीत होतं. गाऱ्हाण्याच्या आधी त्या वायरीवर मल्टिमीटर लावला तर 5 व्होल्ट दिसतील, आणि वायर काढली की दिवा विझेल. उपायही असाच साधा: मधे ऑप्टोकपलर (प्रकाशाने संदेश पोचवून दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) घाला. 5 व्होल्ट सोसणारा पिन इथे कामाला येत नाही, कारण त्याची मर्यादा "सप्लाय अधिक 4 व्होल्ट" अशी असते. सप्लाय शून्य असताना ती 4 वर येते आणि 5 तिच्या बाहेर जातात. डेटाशीटमधली ही ओळ फार जण वाचत नाहीत.

वेळेच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. 8051 दर सूचनाचक्राला घड्याळाचे 12 ठोके घेते. म्हणून 12 मेगाहर्ट्झला एक चक्र बरोबर एका मायक्रोसेकंदाचं, आणि जुने लोक रिकामे लूप मोजून वेळ काढत. नव्या चिपवर तेच लूप डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात, मग फ्लोट स्विचची (टाकीतल्या तरंगत्या स्विचची) थरथर खरी पातळी समजून पंप तडतडतो. अशी कामं टायमरला द्यावीत. जुन्या बोर्डवरचा 11.0592 मेगाहर्ट्झचा विचित्र क्रिस्टल (घड्याळाचे ठोके देणारा) मात्र मला नेहमी मोह घालतो. त्याला 12 ने, मग 32 ने, मग 3 ने भागा: नेमके 9600, सीरियल संपर्काचा (एकामागून एक बिट पाठवण्याचा) वेग. 12 चा क्रिस्टल लावला असता तर आठ टक्क्यांहून जास्त चूक. नव्या चिपला ही कसरत करावी लागत नाही.

शेवटी खारा वारा, ज्याचा विचार पुण्यात बसून बोर्ड बनवणारे करत नाहीत. जुन्या चिपचे पाय एकमेकांपासून 2.54 मिलिमीटरवर होते, नव्यांचे 0.8 किंवा 0.5 वर. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की बोर्डवर बसलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ 80 च्या वरच असते. त्या ओल्या थरात धन पायाचा धातू विरघळतो, आयन ऋण पायाकडे सरकतात आणि तिथे पुन्हा धातू होऊन झाडाच्या फांद्यांसारखे वाढतात. फट जितकी लहान तितकी फांदी लवकर पलीकडे पोहोचते आणि शॉर्ट होतो. (पॅनेलच्या दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की सायट्रिक आम्लाचा रस वीज उत्तम वाहतो. निदान टर्मिनलच्या वर टांगू नका.)

म्हणून 0.8 ची चिप मिळत असेल तर 0.5 ची घेऊ नये. सोल्डरिंगनंतर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेला चिकट पदार्थ) स्वच्छ धुवावा, बोर्ड पूर्ण वाळवावा आणि मगच संरक्षक कोटिंग मारावं. ओलावा आत कोंडून वरून कोटिंग मारलं तर ते नसल्यापेक्षा वाईट. आणि प्रोग्रॅमिंगच्या चार-पाच पॅडवर आधी टेप लावून घ्यावी, नाहीतर पुढच्या दुरुस्तीला चिपमध्ये नवा प्रोग्रॅम घालायला ब्लेडने कोटिंग खरवडत बसावं लागतं.